ताई, तुमच्या ‘खो’साठी आभार

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

मुलांच्या हातातला मोबाइल सुटावा म्हणून आम्ही पालक बोलून बोलून थकलो होतो. तुम्ही त्या विषयावर अवाक्षर न काढता त्यांना खो-खो शिकवलात. फोन दप्तरात, दप्तरं पारावर, एवढाच काय तो नियम.

आमच्यातले काही जण जुने खेळाडू असल्यामुळे तुम्ही नेमकं काय करता ते आम्हाला दिसतं. नवीन मूल आलं की त्याला आधी पळायला लावायची पद्धत असते. लाजरं मूल सगळ्यांदेखत बाद होतं आणि दुसऱ्या दिवशी फिरकत नाही. तुम्ही त्याला रांगेत बसवता, तेही खांबाजवळ नाही, कारण तिथे खांबाला वळण घेणं आणि सूर मारणं दोन्ही यावं लागतं. चौथ्या-पाचव्या चौकोनात, दोन मुरलेल्या गड्यांच्या मध्ये बसवता. तिथे खो सारखा मिळतो आणि दोन-तीन पावलांत लगतच्या गड्याला देऊनही टाकता येतो. चूक झाली तरी ती निस्तरायला शेजारी कोणीतरी असतं.

खरी मेख मात्र आवाजात. पाठीमागून हात लागणं आणि ‘खो’ म्हणणं एकाच वेळी झालं पाहिजे, आणि तेही मोठ्याने. पुटपुटलं तर बसलेला उठतच नाही, नाहीतर अंदाजाने आधीच उठतो. मग फाऊल, आणि दिशा उलटी. घरी ‘हं’च्या पुढे न जाणाऱ्या मुलाची इथे ओरडल्याशिवाय सुटका नाही. ओरडलं की पुढचा गडी त्या क्षणी उठून धावतो. हाकेला इतकं रोख उत्तर त्यांना दुसरीकडे क्वचितच मिळत असेल.

म्हणूनच सुरुवातीला धावणं बंद ठेवून तुम्ही जो सराव घेता, तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. पुढच्याने डोळे मिटून बसायचं, मागच्याने उघड्या पंजाने खांद्यामागे स्पर्श करून खो द्यायचा, दहा वेळा; मग अदलाबदल. धपाटा घातला की शिट्टी. ज्या मुलीला किंवा मुलाला मिश्र रांगेत स्पर्श नको असेल, त्याची रांग तुम्ही कारण न विचारता बदलता. असं सांभाळून घेणारे फार थोडे.

पूर्ण मैदान 27 बाय 16 मीटरचं आणि पाळी 9 मिनिटांची. दिवसभर बसून असणाऱ्या पोरांचा त्यात तिसऱ्या मिनिटालाच दम निघतो आणि चिडचिड सुरू होते. तुम्ही पाळी 4 मिनिटांवर आणलीत, तेव्हा भांडणं निम्म्याने कमी झाली. उरलेली मिटवायला शिट्टी मुलांच्याच हाती दिलीत, आणि तीही सगळ्यात कमी बोलणाऱ्याच्या. निर्णय चुकला तरी तो डाव संपेपर्यंत कायम! (पालकांनी बाहेरून ओरडायचं नाही, हेही बरं केलंत.)

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि मैदानावर एकदम गर्दी झाली. त्या गर्दीतून नुसते चपळ तेवढे निवडणं सोपं होतं. तुम्ही जोड्या लावल्यात. जोडीदार आला नाही तर मेसेज करायचा नाही, त्याच्या घरी जाऊन विचारायचं. बेल वाजवून अनोळखी काकूंशी दोन वाक्यं बोलणं पंधराव्या वर्षी केवढं अवघड असतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

आता आमच्याकडचं थोडं. आखणीसाठी फक्कीची गोणी आणि पाणी मारायला लांब पाइप आम्ही आणून ठेवतो. खडे वेचायला रविवारी सकाळी 7 वाजता पालक येतील. संध्याकाळी मुलींना घोळक्याने घरी सोडायची पाळीही आम्ही वाटून घेतली आहे. निदान तेवढ्यापुरतं तरी तुम्ही वेळेत घरी जा.

आपले,
मैदानावरच्या मुलामुलींचे पालक