लिनक्सचा निर्णय दुरुस्तीच्या टेबलावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ची मुदत संपली, आता सामान्य माणसानं लिनक्सकडे (विंडोजच्या जागी संगणक चालवणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) वळावं, असं सांगणारा लेख आपल्या पुरवणीत आला होता. लेखातली माहिती बरोबर आहे. मला अडला तो फक्त ‘वळावं’ हा शब्द. मी बार्शीत बावीस वर्षं संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाका हे सांगणारं गिऱ्हाईक वर्षाकाठी एखादं भेटलं तर भेटतं. बाकीचे कॅबिनेट मोटरसायकलच्या टाकीवर धरून आणतात (त्याला सगळे सीपीयूच म्हणतात), टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, ‘‘लई हँग व्हायलंय, फॉरमॅट मारा आणि सगळं टाकून द्या.’’ त्या ‘सगळं’मध्ये काय काय येतं हे आम्ही ठरवतो.

लिनक्स फुकट आहे, हे लेखात तीनदा आलं आहे. साहेब, आमच्याकडं विंडोजही फुकटच होतं. फॉरमॅटचे चारशे रुपये ही आमची मजुरी. त्यात विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, मराठी फॉन्ट हे सगळं एकाच पेनड्राइव्हमधून यायचं, त्याआधी सीडीच्या चळतीतून. हे बेकायदा आहे हे मला माहीत होतं. गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं. साळसूदपणाचा आव आणण्यात अर्थ नाही. पण ज्याच्या खिशातून विंडोजसाठी कधी रुपया गेला नाही, त्याला लिनक्सनं किती पैसे वाचतात हे सांगून काय उपयोग? मध्यंतरी डेलनं उबुंटू (लिनक्सचाच एक अवतार) टाकलेले लॅपटॉप भारतात विकले. तो लॅपटॉप घेतलेला माणूस शोरूममधून तडक आमच्यासारख्याकडं यायचा. स्क्रीनवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसायचं. उबुंटू कसं दिसतं हे त्यानं एकदाही पाहिलेलं नसायचं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ही पिढी २०१७ साली आली. तालुक्याच्या गावात त्याच्या अलीकडचे संगणक मोजकेच. आमच्याकडं तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय-थ्री अजून जोमात चालतात. म्हणजे लेखकानं म्हटल्याप्रमाणं लाट यायला हवी होती. माझ्या दुकानात काय झालं ते सांगतो. बहुतेकांनी काहीच केलं नाही. ‘चालू आहे ना, मग राहू दे.’ काहींना आमच्याच धंद्यातल्या पोरांनी अट चुकवून विंडोज ११ टाकून दिलं. ते चालतंही, पण पुढं कुठल्या अपडेटला रुसेल याची हमी कुणी देत नाही. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा अपडेटची सोय ठेवली. मी विचारलेल्या एकाही गिऱ्हाइकाला त्याचा पत्ता नव्हता.

लिनक्स मी बसवून देतो. गेल्या दोन वर्षांत एकोणीस संगणकांवर लिनक्स मिंट (लिनक्सचा आणखी एक अवतार) टाकलं, गिऱ्हाइकाला आधी सांगून. त्यातल्या आठांवर आज पुन्हा विंडोज आहे. ते विंडोजवर परत का गेले हे मी वहीत टिपून ठेवलं आहे.

पहिले आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी. चार जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप. काम काय, तर यूट्यूबवर कीर्तन ऐकायचं, पेन्शनची पावती काढायची, पुण्याच्या मुलाशी मेलवर बोलायचं. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी बसवली, मिंट टाकलं. संगणक अर्ध्या मिनिटात उघडायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन, ‘‘अहो, आमचं इंटरनेट गेलं की!’’ धावत गेलो. इंटरनेट व्यवस्थित होतं. पडद्यावरचं ते विंडोजच्या ब्राउझरचं निळं ‘ई’ दिसत नव्हतं एवढंच. ब्राउझरच्या चित्राखाली मराठीत ‘इंटरनेट’ असं नाव लिहून दिलं, मिटलं. पुढं चौदा महिने गुरुजींचा एकही फोन नाही. दिवाळीत नातू आला, त्याला व्हॅलोरंट खेळायचं होतं. तो खेळ लिनक्सवर चालतच नाही, त्याची चीटिंग पकडणारी यंत्रणा विंडोज मागते. ‘‘आजोबा, हे काय टाकून घेतलंय?’’ दुसऱ्या दिवशी विंडोज. खरं तर चार जीबीवर तो खेळ तिथंही धड चालला नाही. नातू गेला, विंडोज राहिलं.

दुसऱ्या एक ताई, झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या. इथं मी सपशेल हरलो, आणि हे कारण पुण्या-मुंबईच्या लेखकांच्या ध्यानात येत नाही. युनिकोड मराठीची (कुठल्याही संगणकावर तीच अक्षरं दिसतात ती पद्धत) लिनक्सवर उत्तम सोय आहे. कीबोर्डच्या मांडण्यांत इन्स्क्रिप्ट आहे, उच्चाराप्रमाणं टाइप करायला ‘गमभन’ आहे, टाइपरायटरवर बोटं घडलेल्यांसाठी रेमिंग्टनची मांडणीही आहे. पण ताईंकडं पंधरा वर्षांच्या फाइली जुन्या फॉन्टमधल्या. त्या फाइलीत ‘क’ हा ‘क’ नसतोच. आत इंग्रजी अक्षराचा कोड असतो, फॉन्ट त्याला मराठी कपडे घालतो. फॉन्ट कॉपी केला की मजकूर दिसतो. पण त्यात दोन शब्द बदलायचे तर टायपिंगचं ते जुनं सॉफ्टवेअरच लागतं, आणि ते विंडोजचं. लग्नपत्रिका कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये. (कोरलड्रॉ २००० साली लिनक्सवर आलं होतं, पुढं कंपनीनंच नाद सोडला. तेव्हा टिकलं असतं तर आज हे पत्र निम्मं झालं असतं.)

एवढं असूनही ताई तयार होत्या. अडलं ते एका अर्जावर. सरकारी नमुना वर्डमध्ये केलेला, मंगल फॉन्टमधला. मंगल विंडोजबरोबर येतो. लिनक्सवर त्याच्या जागी लोहित किंवा नोटो हा फॉन्ट बसतो. अक्षरं छान दिसतात, पण रुंदी वेगळी. तक्ता एका ओळीनं वाढला आणि अर्जदाराच्या सहीची ओळ एकटीच दुसऱ्या पानावर जाऊन बसली. ज्या कार्यालयात अर्ज द्यायचा होता तिथल्या बाबूनं तो परत पाठवला, ‘नमुना बदललाय’ म्हणून. रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी फॉन्टची रुंदी काय समजावणार? त्यात त्यांच्या जुन्या लेझर प्रिंटरनं उच्छाद मांडला. रात्री दहापर्यंत तीन तास टर्मिनलच्या काळ्या खिडकीत (जिथं आज्ञा टाइप करून द्याव्या लागतात) बसून छपाई चालू केली, एक दिवस चालली, अपडेट आल्यावर बंद पडली. ताईंनी चहा पाजला आणि म्हणाल्या, ‘‘दादा, तुमचं बरोबर असंल, पण माझी गिऱ्हाइकं थांबत नाहीत ओ.’’ मजुरी मी घेतली नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात: दोघांना हिशेबाचं टॅली हवं होतं, एकाचं बोटाच्या ठशाचं यंत्र ओळखलं जात नव्हतं, तिघांनी ‘पोरीला क्लासला विंडोज शिकवतात’ म्हणून परत टाकून घेतलं. या शेवटच्या कारणाला माझ्याकडं उत्तर नाही. एमएस-सीआयटी करून लाखो लोक संगणक शिकले ते विंडोज आणि वर्डवरच. त्यांच्या लेखी संगणक म्हणजे तेच. गाडी शिकणं आणि एकाच कंपनीची गाडी शिकणं यातला फरक त्यांना कुणी दाखवलाच नाही.

आता एक कबुली, जी आमच्या धंद्यातलं कुणी छापून आणणार नाही. विंडोजचा संगणक साधारण वर्षाच्या आत दुकानात परत येतो. व्हायरस, हँग, काहीतरी डाउनलोड केलेलं असतं. आमचा संसार त्या फेऱ्यांवर चालतो. मिंटवर टिकलेले अकरा संगणक आहेत, त्यातला एकच परत आला, तोही पॉवर सप्लाय जळाला म्हणून. मग कुठला दुरुस्तीवाला आपणहून लिनक्स टाकेल? टाकलंच, तर गिऱ्हाइकाची प्रत्येक अडचण माझ्या माथी. विंडोज बिघडलं तर ‘कॉम्प्युटरच तसा’, लिनक्स अडलं तर ‘तुम्ही काय टाकलंय ते’.

लेखकानं जर्मनीतल्या म्युनिक शहराचा दाखला दिला आहे, तो अर्धाच दिला. तिथल्या महापालिकेनं २००३ साली निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर नेले, हे खरं. पण २०१७ साली तिथल्याच सभागृहानं परत विंडोजवर जायचं ठरवलं. त्यात राजकारण होतं, तसंच बाहेरच्या कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाणही होती. आमच्या ताईंचा अर्ज आणि म्युनिकचा कागद यांत मला फार अंतर दिसत नाही. आता त्याच देशातलं श्लेस्विग-होल्स्टाइन हे राज्य लिनक्सच्या वाटेनं निघालं आहे, सुमारे तीस हजार संगणकांसह. त्यांचा क्रम मला पटतो: आधी विंडोजवरच लिब्रेऑफिस (मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी चालणारं फुकट सॉफ्टवेअर), मग मेल, खालची सिस्टीम सर्वांत शेवटी. दुकानात मीही आता तेच करतो. विंडोज असू दे, त्यावर फायरफॉक्स हा ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि व्हिडिओ बघायला व्हीएलसी टाकून देतो. व्हीएलसी तर सगळे आधीपासून वापरतात, तेही लिनक्ससारखं मुक्त सॉफ्टवेअर आहे हे ठाऊक नसतं एवढंच. सहा-आठ महिन्यांनी खालची जमीन बदलली तरी वरची भांडी ओळखीची राहतात.

आणि परदेशात कशाला जायचं? केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकतात. तिथं फक्त सीडी वाटल्या नाहीत, शिक्षक तयार केले. संगणक अडला तर तो सोडवणारा माणूस त्याच शाळेत होता. उबुंटूच्या फुकट सीडी २०११ पर्यंत टपालानं घरपोच यायच्या. मी दहा मागवल्या होत्या, दहाही वाटल्या. त्यातल्या एकीचा उपयोग चहाचा कप ठेवायला होताना मी डोळ्यांनी पाहिला. सीडी पोचली होती, माणूस पोचला नव्हता.

राहिला लेखाचा मूळ प्रश्न, सामान्य माणूस लिनक्स वापरेल का. तो वापरतोच आहे. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचंच कर्नल (सिस्टीमचा गाभा) आहे, लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ साली सुरू केलेलं. आमच्या बाजारातला हमालही ते खिशात घेऊन फिरतो. ‘मी लिनक्सकडे वळलो’ असं त्यातल्या एकानं तरी म्हटलं का? फोन घेतला, आत ते होतं. वापरलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत हे आम्हाला करता येईल. पुण्याहून कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप लॉटनं येतात. पाच-सहा हजारांत शाळकरी मुलासाठी लोक घेतात. गेल्या जूनपासून असे सात लॅपटॉप मी मिंट टाकून, मराठी कीबोर्ड लावून, प्रिंटर जोडून बघून विकले. त्यावर आधीचं काही नव्हतं, त्यामुळं काही हरवलंही नाही. सातही अजून तसेच आहेत. दिवाळीत नातेवाईक येतील तेव्हा किती उरतात ते बघू.

हे पत्र युनिकोडमध्ये टाइप करून मेलनं पाठवत आहे. मागं एकदा मी पत्र धाडलं होतं तेव्हा आपल्या कार्यालयातून फोन आला होता की जुन्या फॉन्टमध्ये पाठवा, आमच्याकडं पान त्यातच लागतं. यावेळीही तसंच लागणार असेल तर कळवावं. दुकानात एक विंडोजचा संगणक त्यासाठी ठेवला आहे.

आपला नियमित वाचक,
एक संगणक दुरुस्तीवाला, बार्शी (जि. सोलापूर)