जिन्याखालच्या मांजरीसाठी धावून आलेल्यांचे आभार

आमच्या लालबागच्या चाळीत जिन्याखाली राहणाऱ्या आणि कोणालाही हात लावू न देणाऱ्या करड्या मांजरीला परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात, म्हणजे आपल्या जुन्या बैलघोडा हॉस्पिटलात, सुखरूप पोहोचवण्यास ज्यांनी हातभार लावला, त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानते.

तिच्या मागच्या पायाची जखम चिघळली होती. दोन दिवस आम्ही गोणपाट घेऊन तिच्यामागे धावलो आणि त्यातून माझ्या मनगटावरच्या चार ओरखड्यांपलीकडे काहीही निष्पन्न झाले नाही. दुधातून पॅरासिटामॉल द्यावी, असा शहाणपणा मला सुचला होता. ती मांजरांना विषासमान असते, असे बजावून मला वेळीच थांबवणाऱ्या औषधाच्या दुकानातील ताईंचे ऋण सर्वांत मोठे आहे. सापळ्याचा पिंजरा देणाऱ्या गृहस्थांनी आदल्या रात्री तिला उपाशी ठेवण्यास, तळाशी वर्तमानपत्र अंथरण्यास आणि दार पडताच वरून जाड चादर टाकण्यास सांगितले. चादर पडली आणि तिचे फिस्कारणे थांबले. जाळीबाहेर आलेले शेपटीचे टोक तेवढे थरथरत राहिले.

आमिषासाठीच्या मांदेलीचे पैसे न घेणाऱ्या कोळीण मावशी आणि ‘मांजर नको’ म्हणत म्हणतच पिंजरा मागच्या सीटवर ठेवून घेऊन खड्डे चुकवीत गाडी हाकणारे टॅक्सीवाले काका यांची नावे विचारायचीही राहून गेली. माझे ओरखडे पाहून मला त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला पिटाळणाऱ्या रांगेतील आजोबांचेही आभार.