‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर लिहितो कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की पायऱ्यांवरील घोषणा, सभात्याग आणि परस्परांवरील शेरेबाजी यांना सर्वच वृत्तपत्रांत पहिल्या पानावर जागा मिळते. त्याच दिवशी प्रश्नोत्तराच्या तासात एखाद्या आमदाराने आपल्या तालुक्यातील बंद पाणीयोजनेविषयी, डॉक्टर नसलेल्या आरोग्य केंद्राविषयी किंवा महिनोन्‌महिने न आलेल्या एसटीविषयी मंत्र्यांना काय विचारले आणि त्यावर काय उत्तर मिळाले, हे मात्र आतल्या पानावरील दोन ओळींत आटोपते किंवा छापलेच जात नाही. मी पंचायत समितीत लिपिक म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली. विधानसभेच्या कितीतरी प्रश्नांची माहिती माझ्या टेबलावरून वर गेली आहे, म्हणून याविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आपल्याकडील तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावयाच्या, प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. मंत्रिमहोदय ‘पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात होते आणि मग क्रमाने विचारले जाते : अमुक गावातील योजना बंद आहे ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, आणि शेवटी, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. वरवर पाहता हा साचा मंत्र्याला कोंडीत पकडणारा वाटतो. प्रत्यक्षात त्यातून निसटण्याची वाट पहिल्याच पायरीवर आहे. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर दिले की पुढच्या सर्व भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढे लिहून मोकळे होता येते. त्याहूनही सोयीचे उत्तर म्हणजे ‘हे अंशतः खरे आहे’. खरा अंश कोणता आणि खोटा कोणता, हे पुढे कोणी विचारले तरच सांगावे लागते, आणि यादीतील मोजकेच प्रश्न प्रत्यक्ष चर्चेला येत असल्यामुळे ती वेळ सहसा येत नाही.

हे उत्तर मंत्री लिहीत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते नेमके कोण लिहितो, याचा विचार फारसा होत नाही. आमदारांची सूचना विधानमंडळ सचिवालयात स्वीकृत झाली की ती मंत्रालयातील संबंधित विभागाकडे जाते, तेथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला आणि तालुक्यातून अखेर त्या अभियंत्याकडे किंवा ग्रामसेवकाकडे, ज्याच्या कामाविषयीच मूळ तक्रार असते. कार्यालयात अशा कागदाला आम्ही ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधानसभेचा प्रश्न) म्हणत असू. तो आला की बाकीची कामे बाजूला पडत, अधिवेशनाच्या काळातील रजा रद्द होत, आणि सकाळी आलेल्या पत्राची माहिती दुपारपर्यंत जिल्ह्याला पोहोचवावी लागे. एवढ्या वेळात गावात जाऊन नळ उघडून पाहणे शक्य नसते. फाइलमध्ये जे असते, तेच उत्तर म्हणून वर जाते. म्हणजे ज्याच्याविषयी विचारायचे, त्याच्याच हातचा मजकूर पाच-सहा सह्या गोळा करीत मंत्र्यांच्या तोंडी येतो.

एक उदाहरण सांगतो. त्यात माझाही हात होता. एका गावची नळयोजना वीजबिलाच्या थकबाकीपायी बंद होती. टाकी होती, जलवाहिनी होती, पंपही होता, फक्त वीज तोडलेली होती. आमच्याकडून अहवाल गेला : ‘योजनेचे काम पूर्ण झाले असून पाणीपुरवठा सुरळीत करण्याची कार्यवाही सुरू आहे.’ या वाक्यातील एकही शब्द खोटा नव्हता, कारण थकबाकी भरण्याविषयी ग्रामपंचायतीला आम्ही खरोखरच पत्र दिले होते. पुढे छापील प्रश्नोत्तरांच्या यादीत तेच वाक्य जसेच्या तसे आलेले मी पाहिले, तेव्हा कारकुनी कौशल्याचा थोडा अभिमानही वाटला होता. त्या गावातील बायका त्या दिवशीही विहिरीवरच गेल्या असतील, हे तेव्हा मनात आले नाही.

यावर सभागृहात एकच उपाय आहे, तो म्हणजे उपप्रश्न, अर्थात उत्तर ऐकून त्यावरच विचारलेला पुढचा प्रश्न. मूळ प्रश्नाचे उत्तर आधी तयार होऊन येते. उपप्रश्नाचे उत्तर मात्र मंत्र्यांना उभ्या उभ्या द्यावे लागते. हा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. कायदेमंडळात सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने दिली खरी, पण उत्तरावर पुन्हा काही विचारण्याची सोय त्यात नव्हती. ती १९०९ च्या कायद्याने आली, आणि तीही मूळ प्रश्न विचारणाऱ्या सदस्यापुरतीच. म्हणजे ‘हे खरे नाही’ असे ऐकून गप्प बसण्याची सक्ती सतरा वर्षे होती. आज ती सक्ती नसताना बरेच सदस्य उपप्रश्नाच्या वेळी दोन मिनिटांचे भाषण करतात, मतदारसंघातील जनतेच्या भावना मांडतात आणि शेवटी ‘मंत्रिमहोदय याकडे लक्ष देतील का’ असे विचारून खाली बसतात. अशा प्रश्नाला ‘निश्चित लक्ष देऊ’ याखेरीज दुसरे उत्तरच नसते.

प्रश्न कसा विचारावा, याचे उत्तर बहुधा योजनेच्या कागदातच असते. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले, तेव्हा ग्रामीण भागातील प्रत्येक घराला नळाने दरडोई दररोज किमान ५५ लिटर पाणी, तेही विहित गुणवत्तेचे आणि नियमित, असे उद्दिष्ट ठरले. आता ‘अमुक गावात किती नळजोडण्या दिल्या’ असे विचारले तर आकडा मिळेल आणि तो बरोबरही असेल. परंतु ‘मागील महिन्यात किती दिवस पाणी सोडले, शेवटच्या घरी किती लिटर पोहोचले आणि पाण्याचा नमुना शेवटचा कधी तपासला’ असे विचारले तर उत्तर देणाऱ्याला टाकीपर्यंत जावेच लागेल. आरोग्याचेही तसेच आहे. सपाट भागात सर्वसाधारणपणे ३० हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. ‘केंद्र मंजूर आहे काय’ याचे उत्तर ‘होय’ असे येणार. इमारत, पदे आणि त्या पदांवरील हजर माणसे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच प्रश्नात तिन्ही विचारल्या की सर्वांत सोप्या गोष्टीचे उत्तर मिळते. (हे मी अनुभवाने सांगतो, आम्हीही नेहमी सोप्या भागापासूनच लिहायला सुरुवात करीत असू.)

गल्लीतील गटार आणि गावातील नळ यांविषयी आमदारांनी मंत्र्यांना विचारावेच कशाला, ते काम जिल्हा परिषदेचे आणि नगरपालिकेचे आहे, असा आक्षेप काही जाणकार घेतात. पंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक स्थान देणाऱ्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीचा दाखला त्यासाठी दिला जातो आणि तत्त्वतः तो बरोबर आहे. परंतु मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तेथे आणि राज्यातील अनेक महापालिका, जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांत पुढे वर्षानुवर्षे प्रशासकाचाच कारभार राहिला. त्या काळात नागरिकाने विचारायचे कोणाला? नगरसेवक नव्हता, जिल्हा परिषद सदस्य नव्हता. निवडून आलेला आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार असलेला माणूस विधानसभेतच काय तो उरला होता. शिवाय निवडून आलेले मंडळ असले तरी मोठ्या योजनेचा निधी, पदभरतीची मंजुरी आणि अधिकाऱ्यांच्या बदल्या यांची सूत्रे बहुतांशी मंत्रालयातच असतात, आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद १६४ सांगतो.

आता आश्वासनांविषयी. मंत्री सभागृहात जे कबूल करतात, ते पुढे झाले की नाही हे पाहण्यासाठी आपल्या विधिमंडळात आश्वासन समिती आहे. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे आणि तेथे दिलेले आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण व्हावे, अशी अपेक्षा आहे. कोणत्या वाक्याला आश्वासन म्हणायचे, याची यादीही संसदेत केलेली आहे. गंमत अशी, की ‘बाब विचाराधीन आहे’ आणि ‘मी चौकशी करीन’ ही टाळाटाळीची वाटणारी वाक्येसुद्धा त्या यादीत आश्वासनच ठरतात. सामान्य वाचकाला हे ठाऊक नसते. आपल्या तालुक्याविषयी ‘तपासून पाहू’ असे उत्तर मिळाले की तो विषय संपला असे समजतो. आमदारांनी उत्तराचे कात्रण समाजमाध्यमांवर टाकलेले असते, अभिनंदनाचे फलक लागलेले असतात, आणि पुढच्या अधिवेशनात तोच विषय नव्या क्रमांकाने पुन्हा यादीत येतो.

म्हणून आपणास विनंती आहे, की अधिवेशन संपल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी, जिल्हा आवृत्तीपुरते का होईना, एक पान या उत्तरांसाठी ठेवावे. आमदारांनी काय विचारले, मंत्र्यांनी कोणत्या शब्दांत काय सांगितले आणि आज त्या गावात, त्या केंद्रात, त्या बसथांब्यावर काय आहे, एवढ्याच गोष्टी त्यात याव्यात. टीका-टिप्पणी नसली तरी चालेल. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात, पण त्या तालुकानिहाय वेगळ्या करून वाचण्याइतका वेळ आपल्या वार्ताहरांना मिळत नसावा. आमच्या जिल्ह्यापुरते ते काम विनामोबदला करण्याची माझी तयारी आहे. निवृत्तीनंतर माझ्याकडे सवड आहे, आणि ‘कार्यवाही सुरू आहे’ या वाक्याखाली काय दडलेले असते, ते मी पूर्वी स्वतःच दडविलेले आहे.

आपला विश्वासू,
पंचायत समितीतील एक सेवानिवृत्त लिपिक