पुण्याच्या आवृत्तीतही भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात रोज तिथी, सूर्योदय-सूर्यास्त आणि शहराचे तापमान छापले जाते. त्याच चौकटीत निदान शनिवारी आणि रविवारी अलिबाग, मुरुड, हर्णे व मालवण येथील भरती-ओहोटीच्या वेळा द्याव्यात, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. घाटावरच्या पुण्याला या वेळांचे काय काम, असे कोणालाही वाटेल; परंतु सुटीला कोकणात उतरणाऱ्यांत पुणेकर मोठ्या संख्येने असतात, आणि आमचा दिवस ठरतो तो कॅलेंडरवरच्या लाल तारखेने.

गेल्या माघातील एका एकादशीला मी आणि माझी मुलगी मित्राच्या चौदा फुटी शिडाच्या होडीतून अलिबागजवळच्या थळहून खांदेरी-उंदेरी या बेटांच्या फेरीला निघालो. मी शीड हाकायला शिकलो ते धरणाच्या पाण्यात, त्यामुळे वारा पाहण्याची सवय होती. पाणी पाहण्याची नव्हती. सकाळी सातला काठोकाठ पाणी होते आणि पूर्वेकडून येणारा मतलई वारा नेमका पाठीशी होता. दहाच्या सुमारास खांदेरीच्या दीपगृहाखाली तो पूर्ण पडला, शीड ओल्या पंच्यासारखे लोंबू लागले आणि आम्ही वल्ही काढली. १६७९ मध्ये मायनाक भंडारी याच बेटावर शिवाजी महाराजांसाठी तटबंदी उभारत असताना इंग्रजांची मोठी जहाजे वारा पडला की अशीच अडकत, आणि मराठ्यांची उथळ बुडाची, वल्ह्यांवर चालणारी होडकी त्यांना चुकवून बेटावर रसद पोहोचवत. वल्ही हातात असताना ते डावपेच जितके उमगले, तितके वाचून कधी उमगले नव्हते.

दुपारी वायव्येचा खारा वारा सुटला आणि दोनच्या सुमारास आम्ही किनाऱ्याजवळ आलो. घरे स्पष्ट दिसत होती. तेवढ्यात होडीच्या पोटातली उचलती फळी खडकावर खरवडली. तो आवाज अजून कानात आहे. फळी वर घेतली, शीड उतरवले, तरी पुढे कातळ आणि गुडघाभर चिखल. पाणी चढेपर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच तास, उन्हात होडी धरून बसावे लागले. वारा आणखी वाढला असता, तर त्या कातळावर होडी फुटायला वेळ लागला नसता. अखेरीस किनाऱ्याला लागलो, तेव्हा जाळे विणत बसलेल्या एका वयस्कर नाखवांनी एवढेच विचारले, “एकादशी होती, तिथी बघून नाही निघालात?”

त्यांचा हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या भागातील पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. एकादशी म्हणजे अकरा. त्याची पाऊणपट सव्वाआठ, आणि तेथून सुमारे सहा तासांनी, म्हणजे सव्वादोनला, पूर्ण ओहोटी. आम्ही बरोबर त्याच वेळी परतत होतो! पौर्णिमा-अमावास्येला मुंबई-अलिबागकडे भरती बाराच्या आसपास येते, आणि ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा हिशोब अंदाजाचा आहे. शिवाय मालवणला भरती मुंबईपेक्षा आधी येते आणि पाण्याची चढउतारही कमी असते, म्हणूनच ठिकाणवार छापील वेळा हव्यात. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध करतो. म्हणजे माहिती तयार आहे, ती मराठीत आणि हाताशी नाही इतकेच.

होडी हाकणारे आम्ही मोजकेच. पण ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाणारी कुटुंबे, मुलांना घेऊन पुळणीवर दूरवर जाणारे आईवडील, या सर्वांना हीच माहिती लागते. कुलाब्यात रमलेल्या माणसाला मागे पाणी भरत असल्याचे तटाआडून दिसत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. विजयदुर्ग वगळता बाकीचे तिन्ही बेटांवर आहेत, आणि तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांची संख्या आता वाढणारच. प्रत्येक धक्क्यावर त्या दिवसाच्या वेळांचा ठळक मराठी फलक लावणे हे संबंधित यंत्रणांचे काम आहे आणि ते त्यांनी करावे. मात्र धक्क्यावर पोहोचल्यावर वेळ कळून उपयोग अर्धाच, कारण पुण्याहून निघायचे कधी हे आदल्या दिवशी घरीच ठरते. त्या वेळी हाताशी असते ते वर्तमानपत्र.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात उतरतील. त्या आठवड्यापासून ही चार ओळींची चौकट सुरू करता येईल का, याचा आपण विचार करावा.

आपला नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे