ग्योटिंगेनला उतरायला हवे

संपादक महोदय,

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर आपल्या पर्यटन पुरवणीत युरोप सहलींचे जे कार्यक्रम छापून येतात, त्यांत जर्मनीच्या वाट्याला ठरलेले थांबे असतात: ऱ्हाइन नदीतली बोट, ब्लॅक फॉरेस्टमधली कुकू घड्याळे आणि फार तर हायडेलबर्गचा किल्ला. विद्यापीठाचे गाव म्हटले की हायडेलबर्ग, हे समीकरण इतके पक्के झाले आहे की फ्रँकफर्टहून हॅम्बर्गकडे जाताना वाटेत लागणाऱ्या ग्योटिंगेनला उतरावे असे कुणाला वाटत नाही. निदान पुणेकरांना तरी वाटायला हवे.

फ्रान्झ कीलहॉर्न हे १८६६ ते १८८१ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. पतंजलीच्या महाभाष्याची, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या भाष्याची, त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. पुणे सोडून ते ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले आणि १९०८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. डेक्कन कॉलेजातल्या त्यांच्या जागी रा. गो. भांडारकर आले, आणि १८८५ मध्ये त्याच ग्योटिंगेन विद्यापीठाने भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्याआधी १८५९ मध्ये पंचतंत्राचा जर्मन अनुवाद करून त्या गोष्टी युरोपभर कशा पसरल्या हे दाखवणारे थिओडोर बेनफायही याच गावचे. एवढा घरोबा असलेल्या गावात आपली टूरची बस थांबत नाही, याला काय म्हणावे!

आता जायचे कसे ते. हे गाव लोअर सॅक्सनी राज्यात, हॅनोव्हर ते व्युर्झबुर्ग या वेगवान रेल्वेमार्गावर आहे. आयसीई गाडीने हॅनोव्हरहून पाऊण तासाच्या आत, कॅसेलहून वीस मिनिटांत आणि फ्रँकफर्टच्या मुख्य स्थानकाहून पावणेदोन तासांच्या आसपास पोहोचता येते. मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमाने आहेत, तेव्हा उतरल्या दिवशीच गाडी पकडता येते. चूक होते ती तिकिटात. ‘शपारप्राइस’ नावाचे स्वस्त तिकीट एका ठरावीक गाडीलाच बांधलेले असते; विमान उशिरा आले किंवा पासपोर्टची रांग लांबली तर ते वाया जाते. ते घ्यायचेच असेल तर विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत निदान तीन तास ठेवावेत, नाहीतर सरळ गाडीचे बंधन नसलेले ‘फ्लेक्सप्राइस’ घ्यावे. उशीर रेल्वेचाच असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मुक्कामाला वीस मिनिटे किंवा अधिक उशीर होणार असे दिसले की गाडीचे बंधन सुटते आणि पुढच्या कुठल्याही गाडीने जाता येते. एक तास उशीर झाला तर भाड्याचा पाव हिस्सा, दोन तास झाला तर निम्मा परत मागता येतो. तिकिटात बसायची जागा धरलेली नसते, ती वेगळे पैसे देऊन राखावी लागते. सोबत आजी-आजोबा असतील तर तिथे काटकसर करू नये. फलाटावर अ, ब, क असे विभाग असतात आणि डब्यांचा क्रम कधीकधी आयत्या वेळी उलटा होतो, तेव्हा फलकाकडे लक्ष हवे. गाडी दोन मिनिटेच थांबते, म्हणून बॅगा आधीच दाराशी आणून ठेवाव्यात.

हॅनोव्हरहून घाई नसेल तर साध्या गाडीने सव्वा तास लागतो. त्यासाठी ‘नीडरसाक्सन तिकीट’ नावाचे दिवसभराचे तिकीट मिळते आणि माणसे वाढतात तसे ते दरडोई स्वस्त पडते. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालते आणि आयसीईत अजिबात चालत नाही. जर्मनीभर साध्या गाड्यांत चालणारे महिन्याचे ‘डॉइचलँड तिकीट’ पुष्कळजण घेतात, पण ती वर्गणी असते हे विसरतात. चालू महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द केले नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही खात्यातून जातात, आणि ते कळते दादरला घरी बसून.

व्हिसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. जर्मनी, स्वित्झर्लंड धरून युरोपातल्या बहुतेक देशांना एकच ‘शेंगेन’ व्हिसा चालतो; तो कुणाकडे मागायचा याचा नियम साधा आहे: जास्त रात्री ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे, रात्री सारख्या असतील तर ज्या देशातून प्रवेश, त्याच्याकडे. स्वित्झर्लंडमध्ये पाच रात्री आणि जर्मनीत तीन, पण अपॉइंटमेंट जर्मनीची लवकर मिळाली म्हणून अर्ज तिकडे, असे करणाऱ्याला नकार आला तर नवल नाही. अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. पंधरा दिवसांवर भरवसा न ठेवता दोन महिने हाताशी ठेवावेत. जून २०२४ पासून शुल्क मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५ युरो आहे. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. विमा निदान ३० हजार युरोंचा हवा आणि त्यात सगळे दिवस बसायला हवेत. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पाने कोरी असलेला लागतो.

मुलगा-मुलगी तिथे शिकते म्हणून जाणाऱ्या आईवडिलांची संख्या आता बरीच आहे. त्यांचा गोंधळ ‘फेरफ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग’ या जबड्याला व्यायाम देणाऱ्या कागदावरून होतो. पाहुण्यांचा सगळा खर्च आपण उचलू, अशी ही हमी यजमान तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात २९ युरो भरून देतो, आणि त्यासाठी त्याची कमाई पुरेशी असावी लागते. शिकणाऱ्या मुलाची ती क्वचितच असते. तेव्हा त्याच्याकडून साधे निमंत्रणपत्र, नोंदणीचा दाखला आणि पत्ता घ्यावा, आणि खर्चासाठी स्वतःची बँक विवरणे, आयकर विवरणपत्रे जोडावीत. वसतिगृहाच्या खोलीत पाहुणे किती दिवस चालतात हेही मुलाच्या करारात आधी वाचावे, नाहीतर ‘राहणार कुठे’ या रकान्यातच अर्ज अडकतो.

जायचे केव्हा? शिकवण्याचे दिवस साधारण मध्य एप्रिल ते मध्य जुलै आणि मध्य ऑक्टोबर ते मध्य फेब्रुवारी असे असतात. मे-जून सर्वांत चांगले. ऑगस्टमध्ये गाव ओस नसते, पण ज्या गर्दीसाठी जायचे ती नसते. एक अडचण अशी की संगीतकार हँडलच्या नावाचा, १९२० पासून चालत आलेला इथला संगीत महोत्सव साधारण मे महिन्याच्याच सुमारास असतो, आणि हॅनोव्हरच्या औद्योगिक जत्रेच्या दिवसांत हॉटेलांचे दर दूरवर चढतात. आधी या दोन्हींच्या तारखा पाहाव्यात, मग खोली धरावी. खोली स्थानक आणि जुन्या गावाच्या मध्ये घेतली तर टॅक्सी लागतच नाही.

विद्यापीठ १७३४ मध्ये दुसऱ्या जॉर्ज राजाने स्थापन केले आणि १७३७ मध्ये त्याचे रीतसर उद्घाटन झाले. हा जॉर्ज हॅनोव्हरचा अधिपती आणि इंग्लंडचाही राजा. इथे एक भिंत, एक फाटक, एक कॅम्पस असे नाही, विद्यापीठ गावभर पसरले आहे. घरांच्या दर्शनी भिंतींवर पांढऱ्या संगमरवरी पाट्या दिसतात: नाव, पेशा, राहण्याची वर्षे. अशा पाट्या तीनशेहून जास्त आहेत. मान वर करून चालावे, पण सायकलींचे भान ठेवून. रस्त्याकडेची वेगळ्या रंगाची पट्टी सायकलींची असते; तिच्यावर उभे राहून फोटो काढणाऱ्याला घंटीने आणि नंतर शब्दांनीही हटवले जाते.

जुन्या गावाभोवतीचा तट आता झाडांखालची उंच पायवाट झाला आहे. रमत गेले तर तासाभरात फेरी होते. वाटेत, पुढे जर्मनीचा चान्सलर झालेला बिस्मार्क १८३३ मध्ये विद्यार्थी असताना जिथे राहिला ती बुटकी बुरुजवजा खोली आहे. दंगेखोरपणामुळे त्याला गावात राहायला मनाई होती. मार्क्ट चौकात जुन्या टाउन हॉलसमोर १९०१ सालचे कारंजे आहे: लोखंडी वेलबुट्टीच्या छत्राखाली हंस घेतलेली काशाची मुलगी, ‘गेन्झेलीझेल’. डॉक्टरेट मिळाली की मित्रमंडळी त्या नव्या डॉक्टरला सजवलेल्या हातगाडीत बसवून ओढत आणतात. तो कठड्यावर चढतो, मुलीच्या हातात फुले अडकवतो आणि तिच्या गालाचे चुंबन घेतो. १९२६ मध्ये यावर बंदी आली होती. ती कुणी जुमानली नाही. वेळापत्रक नसते, पण सत्राच्या दिवसांत चौकातल्या कॅफेत तासभर बसलात तर योग येऊ शकतो. चौकातली मूर्ती प्रतिकृती आहे, मूळ मूर्ती नगरसंग्रहालयात ठेवली आहे.

गणिती गाऊस आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर यांनी १८३३ मध्ये वेधशाळेपासून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपर्यंत छपरांवरून, सेंट योहानिस चर्चच्या मनोऱ्यांवरून तार नेऊन विद्युत तारायंत्र चालवले. दोघांचा पुतळा तटाजवळ आहे, गाऊस बसलेला आणि वेबर उभा. इथे येणारे अनेकजण गाऊसची कबर मोठ्या नगरदफनभूमीत शोधत फिरतात. ती तिथे नाही. तो १८५५ मध्ये गेला, ती दफनभूमी १८८१ मध्ये सुरू झाली. गाऊस आहे तटाच्या पूर्वेला, जुन्या आल्बानी दफनभूमीत. आता तिथे बाग आहे.

नगरदफनभूमी स्थानकाच्या पश्चिमेला, कासेलर लांडश्ट्रासेवर आहे. बस जाते, चालायचे म्हटले तर अर्धा तास धरावा. तिथे आठ नोबेल मानकरी आहेत. मॅक्स प्लँकच्या दगडावर वर नाव आणि अगदी खाली त्याचा स्थिरांक. ओटो हानच्या दगडावर अणुविभाजनाचे समीकरण. मॅक्स बोर्नच्या दगडावर पुंजयामिकीचे सूत्र. याच बोर्नला नाझींमुळे ग्योटिंगेन सोडावे लागले आणि १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या बोलावण्यावरून त्याने काही महिने बंगळुरूला काढले. गणिती हिल्बर्टच्या दगडावर त्याचे वाक्य आहे: आपल्याला कळलेच पाहिजे, आपल्याला कळेलच. बारावीच्या मुलाला युरोपात काय दाखवावे, असा प्रश्न पडलेल्या पालकांनी आयफेल टॉवर थोडा उशिरा दाखवला तरी चालेल.

स्थानकाजवळच २०२२ मध्ये ‘फोरुम विसेन’ हे विद्यापीठाचे संग्रहालय उघडले आहे. सोमवारी ते बंद असते. विद्यार्थ्यांची जुनी कोठडी, ‘कार्त्सर’, रोज उघडी नसते. भिंतींवरची कैदी विद्यार्थ्यांची चित्रे पाहायची तर मार्क्टजवळच्या पर्यटन माहिती केंद्रात फेरीची वेळ आधी विचारावी.

जेवणाचे. विद्यार्थ्यांच्या ‘मेन्झा’त, म्हणजे खानावळीत, बाहेरच्यांनाही पाहुण्यांच्या दराने दुपारचे जेवण मिळते. साडेअकरा ते दीड ही सुरक्षित वेळ. तीनला गेलात तर खुर्च्या पुसताना दिसतील. शाकाहारी आणि व्हेगन पदार्थांवर खुणा असतात. ‘व्हेगेटारिश’मध्ये अंडे चालते, म्हणून अंडे नको असेल तर ‘व्हेगन’ मागावे. हॉटेलात बटाट्याच्या परतलेल्या कापांत डुकराच्या चरबीचे तुकडे, ‘श्पेक’, असतात, मसुराच्या सूपमध्ये सॉसेज असते आणि मऊ चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन. नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ‘ओने श्पेक’ म्हणावे लागते. पाणी मागितले की बुडबुड्यांचे येते, साधे हवे तर ‘श्टिल’ म्हणावे. आणि त्याचे पैसे पडतात. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, बाटली खोलीवर भरून घ्यावी. विकतच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटच्या यंत्रात बाटली टाकली की परत मिळते. बाटली चुरगळली की यंत्र ती ओळखत नाही. रविवारी दुकाने बंद, म्हणून दूध, ब्रेड, फळे शनिवारीच आणून ठेवावीत. अगदीच अडले तर स्थानकावरची दुकाने उघडी असतात. काही लहान बेकऱ्यांत फक्त तिथले स्थानिक कार्ड किंवा रोकड चालते, तेव्हा फॉरेक्स कार्डावर सगळी मदार ठेवू नये.

दोन रात्री गावाला पुरतात. तिसरी असेल तर गोस्लार किंवा कॅसेल, एकच निवडावे. कॅसेलच्या विल्हेल्म्सह्योहे टेकडीवरच्या बागेत १ मे ते ३ ऑक्टोबर दर बुधवारी आणि रविवारी दुपारी अडीचला हर्क्युलीसच्या पुतळ्याखालून पाणी सोडतात. पंप नाही, उतारावर पाणी पायऱ्या, धबधबे, दगडी पूल असे टप्पे घेत खाली येते आणि सव्वा तासाने तळ्यातले कारंजे सुमारे ५० मीटर उंच उडते. वरून सुरू करून पाण्याबरोबर खाली चालत यायचे, म्हणून सव्वादोनला वर पोहोचलेले असावे आणि पायांत पकड असलेले बूट असावेत. इतर वारी गेलात तर नुसत्या कोरड्या पायऱ्या मोजून परत यावे लागेल.

आपला,
एक वाचक, पुणे