आधी मतदार यादी तपासा, मग मशीनवर बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडं एकच विषय सुरू होतो, मतदानाचं मशीन (ईव्हीएम). आपला माणूस आला तर लोकांनी कौल दिला आणि पडला तर मशीन मॅनेज केली. बेळगाव महापालिकेत 2021 ला 58 पैकी 35 जागा भाजपला गेल्या तेव्हापासून हे कट्ट्याकट्ट्यावर ऐकतोय. मी कुठल्या पक्षाच्या बाजूने लिहीत नाही, पण वाईट वाटतं, कारण ह्याच बेळगावात 1996 च्या लोकसभेला 456 उमेदवार उभे राहिले होते, सीमाभागाचं दुखणं दिल्लीला कळावं म्हणून, म्हणजे मतदानावर लोकांचा केवढा भरवसा होता बघा. आणि आता तरुण पोरं विचारतात, मत देऊन उपयोग काय?

मला वाटतं घोळ शोधायचाच तर आधी यादीत शोधा. कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदचं उदाहरण घ्या. 2023 च्या विधानसभेआधी तिथं नावं कमी करा म्हणून 6018 ऑनलाइन अर्ज आले, तपासणीत खरे निघाले फक्त 24! आणि हे उघडकीला कसं आलं, तर एका बीएलओला (केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला) आपल्याच नातेवाइकाच्या नावाचा अर्ज दिसला आणि तिने चौकशी केली म्हणून. कोणी बघितलंच नसतं तर? आमच्या गल्लीतसुद्धा वारलेल्यांची नावं यादीत तशीच आहेत आणि एका जित्याजागत्या आजीचं नाव गायब, मतदानादिवशी त्या केंद्रावरून रडत परत आल्या.

कर्नाटक सरकारने 2025 ला स्थानिक निवडणुका मतपत्रिकेवर घ्यायची शिफारस केली, बरं वाटलं, पण यादीच चुकीची असेल तर कागद काय आणि मशीन काय.

दुसरी गोष्ट 17सी फॉर्मची. मतदान संपलं की त्या केंद्रावर किती मतं पडली त्याची सही केलेली प्रत पोलिंग एजंटला, म्हणजे केंद्रावर बसलेल्या उमेदवाराच्या माणसाला, मिळते. ती किती एजंट जपून ठेवतात आणि मोजणीच्या दिवशी आकडे जुळवून बघतात? बहुतेकांच्या खिशातच राहते. हे फॉर्म वेबसाइटवर टाकायला निवडणूक आयोगाने 2024 ला सुप्रीम कोर्टात विरोध केला, तो मला अजिबात पटलेला नाही. एजंटला जो कागद देता तो सगळ्यांना दाखवायला हरकत कसली? लपवलं की शंका वाढणारच.

आणि यादी मराठीतही मिळायला पाहिजे, येळ्ळूर असो की खानापूर, आमच्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःचं नाव स्वतः वाचता आलं पाहिजे, ही काय मोठी मागणी नाही.

युवक मंडळांना हात जोडून विनंती, गणपतीच्या वर्गणीला दारोदार फिरता तसं एकदा यादी घेऊन फिरा. पुढच्या निवडणुकीची तारीख पडायच्या आधी, कारण नंतर फॉर्म 6 भरून नाव चढवायला वेळ पुरत नाही. वडगाव भागात कोणाला फॉर्म भरायला अडचण असेल तर आम्ही काहीजण संध्याकाळी बसायला तयार आहोत.

आपला,
एक मतदार, वडगाव, बेळगाव