भूमिका आटल्या म्हणून नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभिनेत्यांच्या दिग्दर्शनाविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे. मात्र चित्रपटातील भूमिका कमी होऊ लागल्या की नट मालिकांच्या दिग्दर्शनाकडे वळतो, हे त्यातील सरसकट विधान पटले नाही. कन्नड अभिनेते आणि दिग्दर्शक शंकर नाग यांचे नावच लेखात नसल्याने ते विधान तपासलेही गेले नाही.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी दिग्दर्शित केलेली ‘मालगुडी डेज’ ही मालिका दूरदर्शनवर आली, तेव्हा शंकर नाग तिशी नुकतीच ओलांडलेले आणि कन्नड चित्रपटांत नायक म्हणून भर बहरात होते. गिरीश कार्नाड यांच्या ‘ओंदानोंदु कालदल्लि’ (१९७८) या पहिल्याच मोठ्या भूमिकेसाठी त्यांना भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता, आणि ‘ऑटो राजा’नंतर (१९८०) कर्नाटकातील रिक्षावाल्यांनी त्यांना जे आपलेसे केले, ते आजही त्यांच्या रिक्षांवरील छायाचित्रांतून दिसते. असा नट मारामाऱ्यांचे चित्रपट करता करता पश्चिम घाटातील आगुंबे नावाच्या पावसाळी गावात चमू घेऊन जातो आणि आर. के. नारायण यांच्या साध्यासुध्या माणसांच्या कथांवर एकोणचाळीस भाग करतो, याला ‘काम नव्हते म्हणून’ असे कसे म्हणता येईल?

या मालिकेत नटाची नजर जागोजागी जाणवते. स्वामी या शाळकरी मुलाच्या कथांचा सगळा भार त्यांनी मास्टर मंजुनाथ या लहान मुलावर टाकला. त्याच्या करारी वडिलांच्या भूमिकेत कार्नाड होते, पण चौकट मुलाची राहिली. पंचेचाळीस रुपये पगाराच्या कथेत तर कन्नड पडद्यावरचे बडे नायक विष्णुवर्धन कारकून झाले आहेत. मुलीला सिनेमाला नेण्याचे वचन दिलेला हा बाप राजीनामा लिहून साहेबासमोर उभा राहतो, पाच रुपयांची पगारवाढ ऐकून तो कागद मागे घेतो, आणि घरी पोहोचतो तोवर मुलगी झोपलेली असते. इथे नटाला संवादांपेक्षा गप्प राहणे अधिक पेलावे लागते, आणि लोकप्रिय नायकाला असे गप्प बसवणे, माझ्या मते, स्वतः तसा नायक असलेल्या दिग्दर्शकाला अधिक सहज साधते. (हल्लीच्या दैनंदिन मालिकांत प्रत्येक चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा आदळतो, त्या पार्श्वभूमीवर हे भाग पुन्हा पाहावेत.)

पुण्यातील वाचकांना शंकर नाग परके वाटू नयेत, याला आणखीही कारणे आहेत. ते मुंबईत मराठी रंगभूमीच्या संगतीत घडले. गणेशखिंड रस्त्यावरील रँडच्या वधावर नचिकेत आणि जयू पटवर्धन या पुणेकर वास्तुविशारद दांपत्याने केलेल्या ‘२२ जून १८९७’ (१९७९) या मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा सहभाग होता. ‘मालगुडी डेज’साठी रेखाचित्रे काढणारे नारायण यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांनी तर आयुष्याची अखेरची वर्षे पुण्यातच घालवली. लेखात मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीपलीकडे पाहिले असते, तर हे धागे लेखकाला सहज सापडले असते.

३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ, पुणे–बंगळूर महामार्गावर, मोटार अपघातात शंकर नाग यांचे निधन झाले. तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते आणि निघाले होते तेही चित्रीकरणासाठीच. भूमिका संपल्यानंतरचा काळ त्यांच्या वाट्याला आलाच नाही. म्हणून लेखातील नियम त्यांना मुळातच लागू पडत नाही.

पुरवणीच्या पुढील भागात या त्रुटीची दखल घ्यावी, आणि शक्य झाल्यास ‘२२ जून १८९७’ व मालगुडीचे निवडक भाग लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात एकत्र दाखवले जावेत यासाठी आपल्या वृत्तपत्राने पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे